बादल्यांची खंडेनवमी

नाशिकच्या भांडीबाजारात मालनबाई बोरस्त्यांना ओळखत नाही असा माणूस एक तर बाजारात नवा असायचा, नाहीतर बहिरा. आवाजच तसा. आपल्या दुकानात बसून त्या ‘टब आतल्या बाजूला’ म्हणाल्या की समोरच्या स्टीलच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिथल्या तिथे आत सरकायची. दुकान प्लास्टिकचं. बादल्या, मग, घमेली, पाट, सुपल्या, लहान मुलांची पॉटी, सगळं छतापासून लोंबायचं आणि त्याखाली मालनबाई काउंटरवर. नवरा दीपक माल आणायला गेलेला असायचा. मोठे दीर रावजी गल्ल्यावर असायचे आणि मालनबाईंनी कुठलीही वस्तू जरा सैल हाताने दिली की घसा खाकरायचे.

बाईंचं मूळ पिंपळगावकडचं. बारावी सायन्स पास झाल्या आणि सिव्हिल हॉस्पिटलात नर्सिंगच्या कोर्सला त्यांचं नाव लागलं. त्याच आठवड्यात बोरस्त्यांचं स्थळ आलं. वडिलांनी विचारलं, लोकांच्या जखमा पुसत फिरायचंय की चार माणसांत सून म्हणून मिरवायचंय? आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? पण असल्या प्रश्नाला पोरींनी उत्तर द्यायचं नसतं असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मालनबाई लग्न होऊन भांडीबाजारात आल्या, दोन मुलं झाली, आणि पंधरा-सोळा वर्षं त्यांनी बादल्या विकल्या. मजेत विकल्या. रडत बसणाऱ्यातली बाईच नव्हे ती. फक्त नातेवाइकांत कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं की डबा पोचवायला सगळ्यात आधी निघायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची नाही. तिथे बसून सिस्टरांना सलाईन कसं लावायचं ते सांगायची. सिस्टरा वैतागायच्या आणि हिला वाटायचं आपला फार उपयोग झाला.

अठ्ठ्याण्णव साली सरकारने दवाखान्यांच्या कचऱ्याचे नवे नियम काढले, ते हळूहळू सरकत लहान दवाखान्यांच्या दारात यायला दोन-तीन वर्षं गेली. तोवर काय, रक्ताचे बोळे, सुया, सलाईनच्या नळ्या, पेशंटने खाल्लेल्या केळ्याची सालं, सगळं एका पोत्यात आणि पोतं महापालिकेच्या कुंडीत. आता म्हणे वेगवेगळ्या रंगांचे डबे ठेवा, त्यात निवडून कचरा टाका, रोज वजन करा, वर्षाला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हिशेब पाठवा. मंडळाचं परवानगीपत्र नसेल तर दवाखान्याला कुलूप. गावातले डॉक्टर आधी हसले, मग चिडले, आणि शेवटी बादल्या घ्यायला भांडीबाजारात आले.

पहिले आले ते सातपूरचे डॉक्टर ललित आहेर. सज्जन माणूस, बाळंतपणाचा लहानसा दवाखाना, कंपन्यांतल्या कामगारांच्या बायका सगळ्या त्यांच्याकडे. हातात छापील नियमांची चळत आणि तोंडावर बारा वाजलेले. पिवळ्या, लाल, निळ्या आणि काळ्या झाकणाच्या बादल्या द्या म्हणाले. मालनबाईंनी कशाला ते विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. मालनबाईंनी ती चळत वाचायला मागितली. डॉक्टरांना बिचाऱ्यांना वाटलं बाई विनोद करते आहे, त्यांनी देऊन टाकली.

तीन दिवस बाईंनी गिऱ्हाइकाकडे धड पाहिलं नाही. धाकट्या मुलाची डिक्शनरी घेऊन काउंटरखाली वाचत बसल्या. रावजींचा घसा खाकरून खाकरून बसला. चौथ्या दिवशी बाईंनी बादल्या लुनाला मागेपुढे बांधल्या, सातपूर गाठलं आणि डॉक्टरांना सांगितलं की तुम्ही मागितलेली निळी बादली चुकीची आहे, सुयांना जाड डबा लागतो, सुई बाहेर येता कामा नये, आणि मी तो आणलाय. डॉक्टर बघतच राहिले.

त्यातलं सगळं बाईंना कळलं होतं असं मुळीच नाही. पण आपल्याला कळलेलं नाही याचा पत्ता समोरच्याला लागू न देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुकानदारीने दिलेली देणगी ती. कचरा जाळायच्या यंत्राबद्दल कुणी विचारलं तर ‘मोठी भट्टी, फार मोठी’ म्हणायच्या आणि पुढच्या मुद्द्यावर जायच्या. डॉक्टरांनी विचारलं, आमच्या बायकांना जरा शिकवाल का? मालनबाई नको-नको म्हणत असतानाच पदर खोचत होत्या.

शिकवणं म्हणजे काय सांगावं! पहिल्या दिवशी घरून मिसळणाचा डबा आणला, बायकांसमोर उघडला आणि मोहरीच्या वाटीत मूठभर हळद ओतली. आता निवडा म्हणाल्या. बायका हळहळल्या. तुमच्या स्वयंपाकघरात चालत नाही, मग इथे कसं चालतं, असं म्हणून बाईंनी तोच डबा पुन्हा पुन्हा नाचवला. मग खेळ सुरू. चारी डबे व्हरांड्यात लांब लांब ठेवले, बाईंनी हातात हातमोजा धरायचा नि ओरडायचं ‘कुठं?’ आणि सगळ्यांनी लालकडे पळायचं. कापसाचा बोळा, पिवळ्याकडे. सुई, निळ्याकडे. चहाचा कप, काळ्याकडे. सिस्टर सायली, अंगाने भरलेली आणि जन्मात न पळालेली, ती धापा टाकत पळाली. खाटेवरच्या बाळंतिणी हसून हसून टाके दुखतात म्हणून ओरडू लागल्या. एका पेशंटचा नवरा तर जेवणाचा डबा घेऊन आला होता, तोही दोनदा पळाला आणि दोन्हीदा चुकला.

फक्त नवसाबाई पळाली नाही. ही पेठ तालुक्याकडची, सातपूरला राहून जमाना झालेला, दवाखान्याचं झाडणं-पुसणं तिच्याकडे. नवरा झिपरू एका कारखान्यात प्रेस मशीनवर. पळण्याचा खेळ संपला तशी ती मालनबाईंपाशी आली, उजवा तळवा उघडून दाखवला. तळव्यावर बारीक काळसर डाग. पोतं दाबताना सुया टोचायच्या, कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं तर काम जाईल. तिने निळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, हे आता खरंच ऱ्हानार का साहेब येऊन गेला की उचलनार? मालनबाईंचं सगळं हसू गेलं. त्यांनी सांगितलं, राहणार. आणि मग भरात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘हे डबे तुमचे हातपाय वाचवणारे आहेत. देवासारखे जपायचे यांना.’

हे वाक्य बाई बोलून गेल्या आणि विसरूनही गेल्या.

दोन महिन्यांत आहेरांचा दवाखाना असा काही सुधारला की बाकीचे डॉक्टर बघायला येऊ लागले. डॉक्टरांच्या संघटनेत चर्चा झाली. काही जणांना पुण्याची एक कंपनी आणायची होती, सुटाबुटातली माणसं, पडद्यावर चित्रं दाखवणारी. आहेर म्हणाले, आपल्याकडे बाई आहे. कुणीतरी विचारलं, ती बादलीवाली? शेवटी ठरलं असं की मंडळाचे साहेब आहेरांच्या दवाखान्याची तपासणी करून गेले आणि पत्र मिळालं, तर शहरातले सगळे लहान दवाखाने मालनबाईंनी तयार करायचे. नाही मिळालं, तर पुण्याची कंपनी.

घरीही तेवढाच मोठा न्याय झाला. रावजींनी जेवताना जाहीर केलं की दिवाळीपर्यंत काय ते बघू, नंतर हे दवाखान्याचं खूळ बंद, सीझनला काउंटरवर माणूस लागतं. दीपकने मान खाली घालून भाकरी मोडली. हा माणूस बायकोच्या बाजूने असायचा, पण कायम मनातल्या मनात. मालनबाईंना त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली. सोळा वर्षांपूर्वी एक दार बंद झालं होतं, त्याचं त्यांनी कधी दुःख केलं नव्हतं. आता त्याच दारातून त्या बादली हातात घेऊन आत शिरल्या होत्या, आणि आत शिरल्यावर कळलं की आपल्याला इथेच यायचं होतं. पुन्हा बाहेर जायची त्यांची तयारी नव्हती.

साहेब दसऱ्यानंतर येणार असा निरोप होता. आले खंडेनवमीला.

खंडेनवमीच्या दिवशी भांडीबाजारात काय गर्दी असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, त्यात दुचाक्या धुऊन-पुसून हार घालून मिरवणारे लोक. मालनबाई एका हाताने टब देत होत्या, दुसऱ्या हाताने सुटे मोजत होत्या, तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. पलीकडे सिस्टर सायली, आवाज विहिरीत पडल्यासारखा. साहेब आलेत. डॉक्टरांच्या केबिनमध्ये चहा पितायत. तुम्ही या, लवकर या, आणि ताई, एक घोळ झालाय. काय घोळ, तर म्हणे फोनवर सांगण्यासारखा नाही.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात त्यांनी बादलीऐवजी पॉटी दिली, रावजींना ‘भाऊजी, आलेच’ म्हणाल्या आणि लुना काढली. रविवार कारंज्यावर गर्दी, अशोक स्तंभावर गर्दी, त्र्यंबक नाक्यावर एका टेम्पोतून झेंडूची पोती सांडलेली आणि माणसं गोळा करतायत. बाई ‘सरका, पेशंट आहे’ असं ओरडत निघाल्या. लोक सरकले. पेशंट कुठे आहे असं कुणी विचारलं नाही, बाईंचा चेहराच पुरेसा होता.

सातपूरमध्ये मात्र सगळं शांत. रोज ज्या रस्त्यावर शिफ्टचे भोंगे आणि मशीनची धडधड, तिथे त्या दिवशी नुसता अगरबत्तीचा वास. नवमीला कारखान्यात मशीन धुतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि मग त्या मशीनला कुणी हात लावत नाही. वर्षभर राबली, आज तिची सुट्टी. मालकाची ऑर्डर अडली तरी बटण दाबायला कुणी तयार होत नाही, आणि मालकही मनातून तसं म्हणायला धजत नाही. मालनबाई त्या शांततेतून लुना पळवत गेल्या. त्या शांततेचा आणि आपला काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि बाई दारातच थबकल्या.

चारी डबे पाटावर मांडलेले. घासूनपुसून लख्ख. प्रत्येकाला झेंडूचा हार, झाकणावर हळदकुंकवाची बोटं, पुढे रांगोळी, रांगोळीत नारळ. सुया कापायच्या छोट्या मशीनला गंध. कचरा मोजायच्या काट्यावर ठसठशीत स्वस्तिक. मोप आणि झाडू भिंतीला टेकवून त्यांनाही फूल. धुपाचा धूर असा भरलेला की वॉर्डातली एक बाळंतीण आरतीला यायचं का म्हणून विचारत होती. मालनबाईंनी पिवळ्या डब्याचं झाकण उघडलं. आत अक्षता. लाल उघडला. आत एक सुपारी. निळ्यात सवा रुपया. काळा डबा इतका कोरा की त्यात आपलं तोंड दिसावं.

दुपार टळून गेली होती. सकाळपासून दोन बाळंतपणं झाली होती. आणि डब्यात कचऱ्याचा कणही नाही.

सायलीने हुंदके देत सांगितलं. सकाळी नवसाबाईने पूजा मांडली, सगळ्यांना छान वाटलं, डॉक्टरांनीसुद्धा नमस्कार केला आणि ऑपरेशनला गेले. पूजा झाल्यावर नवसाबाई म्हणाली, आता उद्या दसरा होईस्तोवर यांना हात लावायचा नाय. सायलीने विचारलं, मग कचरा? ती म्हणाली, मी बघते. मग साहेबांची जीप येऊन उभी राहिली. कचरा कुठे गेला ते सायलीला ठाऊक नव्हतं. नवसाबाई मागच्या बाजूला होती आणि साहेब समोरून येत होते.

मालनबाईंच्या डोळ्यांपुढे ते जुनं पोतं आलं. कुंडी आली. पुण्याच्या कंपनीचे सूट आले आणि शेवटी रावजींचा घसा आला. दोन महिने मरमर मेली होती बाई, आणि सगळं एका नारळापायी पाण्यात.

मंडळाचे साहेब, बच्छाव त्यांचं नाव, सटाण्याकडचे, उंच आणि चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांच्यामागे डॉक्टर आहेर, तोंडाचा रंग उडालेला. साहेब पाटापाशी थांबले. चपला काढाव्यात की काय असं त्यांना क्षणभर वाटलं असावं, कारण त्यांनी एक पाय मागे घेतला. मग त्यांनी एकेक झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, आजचा कचरा कुठे आहे?

तेवढ्यात नवसाबाई मागच्या दारातून आली, हात पदराला पुसत. साहेबांनी तिला विचारलं, हे डबे रिकामे का? ती सरळ म्हणाली, आज त्यास्नी हात लावायचा नाय, पूजा झालीय.

साहेबांनी बाहेर बोट केलं. ‘माझ्या जीपचीही पूजा झाली बाई. पण ती ढकलत नाही आणली मी. ही पूजा करायला तुम्हाला सांगितलं कुणी?’

मालनबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तयार म्हणजे अगदी घासून ठेवलेलं. अडाणी बाई आहे साहेब, मी असं शिकवलेलं नाही, मी तर नियम शिकवले, हिने आपल्या मनाने केलं. एवढं म्हटलं की झालं. साहेब फार तर नवसाबाईला झापतील, डॉक्टर तिला चार दिवस घरी बसवतील, मालनबाईंचं काम वाचेल. दुकानात त्या दिवसातून दहादा असं करायच्या, माल तुटका निघाला की कारखान्यावर ढकलायच्या. तोंड उघडलंही त्यांनी. आणि नवसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. घाबरून नाही. आपली बाई आली, आता ती नीट सांगेल, इतक्या भरवशाने पाहिलं.

‘मी सांगितलं,’ मालनबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच, सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. ‘देवासारखे जपा असं मीच म्हणाले होते साहेब. यांनी ऐकलं. चूक असेल तर माझी आहे.’

बोलून झालं आणि त्यांना एकदम रडू आलं. काम गेलं, असंच त्यांनी धरून टाकलं.

पण नवसाबाई काही गप्प बसणारी नव्हती. मालनबाईंनी चूक म्हटलेलं तिला अजिबात आवडलं नाही. ती साहेबांपुढे येऊन उभी राहिली, कमरेवर हात. ‘चूक कशाची? माझा नवरा प्रेसवर हाय. वरीसभर मशीनीनं हात खाल्ला नाय, म्हनून तो आज तिला नारळ फोडतो. तुमी त्याला ईचारता का, कुनी सांगितलं म्हनून? माझा हात या निळ्या डब्यानं वाचवला. सुई टोचली नाय मला तवापासून. मी का नाय फोडायचा नारळ?’

साहेब चष्मा काढून रुमालाने पुसू लागले. डॉक्टर आहेर जमिनीकडे बघत होते. सुया टोचायच्या हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

मग साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, हे सगळं ठीक आहे बाई, पण कचरा? नवसाबाई म्हणाली, चला की, मंग दाखवते. जणू इतका वेळ कुणी नीट विचारलंच नव्हतं.

मागच्या ओट्यावर चार तेलाचे डबे ओळीने. एकाच्या गळ्यात जुन्या लुगड्याची पिवळी पट्टी बांधलेली. दुसऱ्याला लाल खण. तिसऱ्याला झिपरूच्या कंपनीच्या निळ्या शर्टाची बाही, आणि तो तेलाचा डबा नव्हता तर बाळांच्या दूध पावडरीचा, झाकणाला सुई जाईल एवढीच फट पाडलेला. चौथ्याला फाटक्या छत्रीचं काळं कापड. साहेबांनी हातमोजा घालून पिवळ्यात डोकावलं. बोळे, फक्त बोळे, आणि वेगळ्या पिशवीत बांधलेल्या दोन्ही बाळंतिणींच्या वारा. लालमध्ये नळ्या आणि हातमोजे, नळ्या कापलेल्या, नियमात आहे तशा. पावडरीचा डबा हलवून पाहिला, आत सुया खुळखुळल्या. काळ्यात चहाचे कप आणि नारळाची शेंडी. साहेब एकेक डबा बघत गेले आणि त्यांची मान आपोआप हलत गेली.

पिवळ्या डब्यात त्यांना एक झेंडूचं फूल सापडलं. त्यांनी ते चिमटीत धरून वर केलं. सगळ्यांच्या नजरा सायलीकडे. सायली पुटपुटली, पिवळं होतं म्हणून बोळ्यांबरोबर हिच्याकडे दिलं. मालनबाईंनी रडू पुसलं आणि तिथल्या तिथे खेकसल्या की अगं, फुलाचा रंग नाही बघायचा, दोन महिने मी काय शिकवलं! साहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग ओट्यावर टेकून हसले. डॉक्टरांना कळेना आपण हसायचं की नाही, म्हणून ते अर्धेच हसले.

वजन केलं का, असं साहेबांनी शेवटी विचारलं. नवसाबाईने सांगितलं की काट्याची पण पूजा झालेली, म्हणून तिने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा तराजू मागितला, तर त्यानेही पूजा करून टांगून ठेवलेला. उद्या सोनं वाटून झालं की पहिलं वजन. साहेबांचा हसून हसून पुन्हा दम गेला.

जाताना ते डॉक्टरांना म्हणाले, ‘मी जातो तिथे डबे भरलेले असतात, माझ्यासाठी भरलेले. मागे बघितलं की सगळं एका पोत्यात. तुमचं उलटं आहे. तुमचं पत्र मी करतो.’ मग मालनबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, इतर दवाखान्यांना कधी शिकवणार? मालनबाईंनी पदर खोचला. नवसाबाईने साहेबांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो त्यांनी जीपमध्ये बसता बसता तोंडात टाकला.

जीप वळली आणि दवाखान्यात नुसता कल्ला झाला. सायलीने डॉक्टरांना मिठी मारली, मग घाबरून सोडली. बाळंतिणी टाळ्या वाजवू लागल्या, दोन्ही नवी बाळं एकदम रडायला लागली. डॉक्टर नवसाबाईपाशी गेले, तिचा तळवा बघायला मागितला आणि बराच वेळ तो हातात धरून उभे राहिले. उद्या सकाळी तुमचं रक्त तपासायचं, एवढंच म्हणाले.

मालनबाईंनी लुनाची किल्ली शोधायला सुरुवात केली. बाजारात अजून गिऱ्हाईक असणार, टब उरलेत, भाऊजी एकटे. त्या पदर सावरून निघाल्या तर नवसाबाई वाटेत. एका हातात हळदकुंकवाची वाटी, दुसऱ्यात झेंडूचा उरलेला हार. तिने मालनबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात हार घातला, वाकून नमस्कार केला. मालनबाई म्हणाल्या, अहो, हे काय, मी काय देवी आहे का?

‘देवी कशाला,’ नवसाबाई म्हणाली. ‘वरीसभर राबतं त्याची पूजा करायची आज. झाली. बसा आता तिथं. उद्या दसरा होईस्तोवर तुमाला कुनी कामाला हात लावू देनार नाय.’

आणि तिने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून सिस्टरच्या खुर्चीत बसवलं. मालनबाई उठायला गेल्या, तिने पुन्हा बसवलं. सायलीने चहा आणून दिला. बाई नुसत्या बसल्या, गळ्यात हार, हातात बशी. खुर्चीसमोर वॉर्ड, वॉर्डात दोन झोळ्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सायलीने उचलला. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज इतका मोठा आला की मालनबाईंनाही ऐकू गेला.

त्यांनी उठायला हात टेकला. नवसाबाईने नुसतं बोट वर केलं. सायलीने फोनवर शांतपणे सांगितलं, ‘नाही हो, आज नाही मिळणार त्या. त्यांची पूजा झालीय.’

मालनबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बशीतला चहा हारावर सांडला, आणि हसता हसता रडायलाही लागल्या. त्या तशाच बसून राहिल्या, अंधार पडून वॉर्डात दिवे लागेपर्यंत, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकाही वस्तूला हात लावला नाही.